रोस्टरमधला नेहमीचा बदल

मेधाताईंनी शोभाच्या हातातला चमचा काढून घेतला. ओढून नाही. हळूच, दोन बोटांत धरून, लहान मुलाच्या हातून कात्री घ्यावी तसा. बेसिनकडे गेल्या. साबण लावून चमचा धुतला. परत एकदा धुतला. टिश्यूने पुसला. आणि माझ्या हातात दिला.

"तुम्ही भरवा हो. नानांना बरं वाटेल."

शोभा पलंगाशी उभी. तिची बोटं अजून चमचा धरल्यासारखीच वळलेली. नानांच्या ओठाला मिक्सरमधून काढलेली खिचडी लागलेली.

मी चमचा घेतला.

हे मी दोन महिने कुणाला सांगितलं नाही. तुम्ही म्हणाल, अपमान शोभाचा झाला. झालाच. पण ज्या जातीमुळे चमचा धुतला गेला, त्या जातीच्या खोलीत दोघी होत्या आणि मेधाताईंना एकच दिसली. दुसरी मी होते.

हौगांगला आमचं नर्सिंग होम आहे. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की बाळंतपणं आठवतात. सिंगापुरात तसं नाही. इथे अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं कायमची राहतात. बावीस वर्षांपूर्वी मी परभणीकडून इथे स्टाफ नर्स म्हणून आले. कुशी बदलल्या, जखमा बांधल्या, मेलेल्यांचे डोळे मिटले. पुढे नर्स मॅनेजर झाले. आणि गेल्या वर्षी मालकांनी ठरवलं, आमचे ॲडमिनिस्ट्रेटर मिस्टर लिम निवृत्त होतायत, त्यांच्या जागी मला तयार करायचं.

तयार करायचं म्हणजे साधं नाही. होम चालवायला परवाना लागतो आणि त्या परवान्यावर एका माणसाचं नाव लागतं. काही बरंवाईट झालं तर सरकार त्या माणसाला विचारणार. ते नाव लागायच्या आधी शिकावं लागतं. आठवड्यातून दोन दिवस तोआ पायोहला वर्ग. कायदा, मनुष्यबळ, आग लागली तर काय, रहिवाशांचे हक्क काय. बाकीचे दिवस मिस्टर लिमच्या हाताखाली उमेदवारी. शेवटी तोंडी परीक्षा. त्यात आपल्याच होममधलं एक प्रकरण मांडायचं, आपण काय निर्णय घेतला ते सांगायचं. पास झालं की संस्था नाव पुढे पाठवणार.

आमच्या वस्तीतून परवान्यावर नाव जाणारी मी पहिली असते. पण वस्तीला ते कधी कळलंच नसतं. कारण ते नाव माझं नव्हतं.

माझ्या नवऱ्याने लग्नाच्या आधीच आडनाव बदललं होतं. गावाच्या नावाला '-कर' जोडून नवं केलं, गॅझेटमध्ये छापून आणलं. लग्नात मी ते आनंदाने घेतलं. इथे आल्यावर पहिल्या वर्षी आम्ही एका मराठी कुटुंबाकडे खोली भाड्याने घेतली. छान चाललं होतं. मग एकदा माझ्या वडिलांचं पत्र आलं. पाकिटावर पाठवणाऱ्याचं आडनाव. आठवड्याभरात घरमालकीण काकू म्हणाल्या, "आमचे दीर येणार आहेत, खोली लागेल." दीर कधी आले नाहीत. मी वडिलांना कळवलं, पत्र नका पाठवू, फोन करत जा. त्यांनी कारण विचारलं नाही. त्यांना समजलं असणार. ते मरेपर्यंत फोनच करत होते.

तेव्हापासून मी जपून बोलत आले. आमच्याकडचं यायलंय, करायलंय जिभेवरून काढून टाकलं. गणपतीला मंडळात जायची, मोदकाच्या पंगतीत बसायची. कुणी विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" तर म्हणायची, "तशी पुण्याचीच." पुण्याला मी एकूण अडीच वर्षं राहिले. हॉस्टेलवर.

आणि मग शोभा आली.

हिंगोलीकडची. छत्तीस वर्षांची, नवरा सोडून गेलेला, मुलगी आईपाशी ठेवून वर्क परमिटवर केअरगिव्हर म्हणून आलेली. तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर माझ्या वडिलांचं आडनाव. तेच. अक्षर न अक्षर.

दुसऱ्याच दिवशी लिनन रूममध्ये चादरी मोजताना ती जवळ आली. कसं ओळखलं कोण जाणे. एखादा शब्द निसटला असेल माझ्याकडून. आवाज खाली करून म्हणाली, "जय भीम, ताई."

मी म्हणाले, "हॅलो शोभा. चादरी किती?"

तिने चादरी सांगितल्या. पुन्हा तो विषय तिने काढला नाही.

नाना म्हणजे मेधाताईंचे वडील. चौऱ्याऐंशी वर्षांचे, पुण्याला बँकेत मॅनेजर होते. मेधाताईही इथल्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर. आई गेल्यावर वडिलांना इथे आणलं, वर्षभरात त्यांना स्ट्रोक झाला. उजवी बाजू गेली. आणि इंग्रजी गेलं. सगळी हयात इंग्रजीत पत्रं लिहिणारा माणूस, आता "ओपन युअर माउथ" म्हटलं तर छताकडे बघायचा. फक्त मराठी कळायचं.

गिळणंही अर्धं गेलेलं. पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट करून द्यायचं. आणि प्रत्येक घासाला हनुवटी छातीकडे वाकवायची, नाहीतर घास श्वासनळीत जातो. हे स्पीच थेरपिस्टने शोभाला शिकवलं. शोभा नानांच्या डोळ्यांशी डोळे आणून बसायची.

"नाना, मान खाली. खाली घ्या की. हां. आता गिळा. गिळलं? बघू जीभ. लबाडी नको, गालात लपवलंय तुम्ही."

नाना हसायचे. अर्ध्या तोंडाने. चाळीस मिनिटं लागायची एका जेवणाला. पाच महिन्यांत एकदाही ठसका लागला नाही.

मेधाताई एरवी रविवारी यायच्या, शोभाच्या सुट्टीच्या दिवशी. त्या दिवशी बुधवारी आल्या. शोभाला पहिल्यांदाच जवळून पाहिलं. आधी खूश झाल्या, "अय्या, मराठी!" मग बिल्ला वाचला. मग चमचा धुतला.

नंतर मला कॉरिडॉरमध्ये घेऊन गेल्या. माझा हात हातात घेतला.

"मी तशी काही मानत नाही हं. आमच्या ऑफिसात सगळे असतात. पण नाना जुन्या वळणाचे. त्यांना कळलं तर अन्न जाणार नाही त्यांना. तुम्ही समजू शकता, आपल्यातल्याच आहात म्हणून बोलते."

आपल्यातल्या.

मी त्याच क्षणी म्हणू शकले असते. एक वाक्य. मी कोण ते. तोंड उघडलंही. आणि त्यातून आलं, "हो, बघते मी."

नानांना कळलं तर, म्हणे. नानांना पाच महिने शोभाचं मराठी कळत होतं, तिचं आडनाव विचारायचं सुचलं नव्हतं. ज्यांना सुचलं त्या माझा हात धरून उभ्या होत्या. आणि मला, खरं सांगते, त्या हाताची ऊब बरी वाटत होती.

दुपारी मी रोस्टर उघडलं, कुणी कुठे काम करायचं त्याचा तक्ता. पलंग क्रमांक अकरा, भरवणारी व्यक्ती, तिथलं शोभाचं नाव काढलं. शेरा लिहिला, कुटुंबाची सांस्कृतिक पसंती. वर्गात शिकवलं होतं, रहिवाशाच्या पसंतीचा मान राखा. चिनी आजीला लापशी हवी, मलय आजोबांना हलाल हवं. त्याच रकान्यात मी जात बसवली. नीट बसली. कुणाला काही दिसलं नाही.

शोभाला बोलावून सांगितलं, "तुझं इंग्रजी जरा कमी पडतंय. फॅमिलीला अडचण होते. तुला वरच्या मजल्यावर टाकते."

ती म्हणाली,

"ताई, नाना कुठं इंग्रजी बोलायलेत?"

मी कॉम्प्युटरकडे तोंड फिरवलं.

सव्वीस दिवस मी नानांना भरवलं. मॅनेजरचं काम सोडून, दोन्ही वेळा. मेधाताईंनी माझ्यासाठी बेसनाचे लाडू आणले. म्हणाल्या, "तुमच्या हाताला काही वेगळंच आहे, नाना किती शांत जेवतात." मी लाडू खाल्ला. त्यांच्यासमोर. चांगला होता.

वर्गाच्या दोन दिवशी ग्रेस भरवायची. फिलिपिनो, कामाला चोख. मी तिला हनुवटीचं सांगितलं, मान वाकवायचं मराठी वाक्य कागदावर लिहून दिलं. ती वाचायची, पण नानांना ते मराठी वाटायचं नाही. ते तिच्याकडे बघायला मान वर करायचे. ग्रेसने मला दोनदा सांगितलं, "सिस्टर, ही कीप लुकिंग अप." मी म्हणाले, ट्राय, ट्राय. शोभा एक मजला वर होती. लिफ्टने अर्धा मिनिट.

एका गुरुवारी मी तोआ पायोहला वर्गात बसले होते. विषय होता जोखीम कशी ओळखावी. फोन थरथरला. नाना जेवताना गुदमरले. सक्शन लावून घसा मोकळा केला, ॲम्ब्युलन्स आली. मग न्यूमोनिया. तीन आठवडे हॉस्पिटल. परत आले ते नाकात नळी घेऊन. आता तोंडाने काही द्यायचं नाही, कधीच नाही. नळी उपसून काढतात म्हणून हातांना बोटं झाकणारे जाड मोजे बांधलेले. जेवणाची ट्रॉली आली की नाना तोंड उघडतात. अजून उघडतात. ट्रॉली पुढे जाते.

ते उघडं तोंड मी रोज बघते.

इन्सिडंट रिपोर्ट मी लिहिला. त्यात एक प्रश्न असतो, प्रशिक्षित व्यक्ती का बदलली? मी पेन घेऊन बसले. मिस्टर लिम मागून आले. वाईट माणूस नाही. थकलेला आहे, निवृत्तीकडे डोळे लावून बसलेला.

"रोस्टरमधला नेहमीचा बदल, असं लिही," ते म्हणाले. "रुटीन. रुटीन इज ओके लाह. पुढच्या महिन्यात तुझी परीक्षा आहे."

मी लिहिलं. रोस्टरमधला नेहमीचा बदल.

पण माणूस गुदमरला म्हटल्यावर दोष कुठेतरी ठेवावा लागतो. ग्रेसने सांगितलं होतं, तिची तक्रार नोंदलेली. मी तर उद्याची ॲडमिनिस्ट्रेटर. उरली शोभा. आधीच्या कर्मचाऱ्याने भरवण्याच्या पद्धतीचा हँडओव्हर पुढच्या माणसाला नीट दिला नाही, असं ठरलं. तिला लेखी ताकीद. परमिटचं नूतनीकरण होणार नाही, मुदत संपली की परत जायचं. हँडओव्हर द्यायला मी तिला बोलावलंच नव्हतं. त्या पत्राखाली सही माझी आहे.

शोभाने पत्र घडी करून खिशात ठेवलं. वरच्या मजल्यावर कामाला गेली. मला वाटलं होतं रडेल, भांडेल. मला तसं हवं होतं.

परीक्षेसाठी मी हेच प्रकरण निवडलं. मिस्टर लिमच म्हणाले, दुर्घटना कशी हाताळली ते मांड, गुण मिळतील. मी स्लाइड केल्या. बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये रविवारी सकाळी मुलीला समोर बसवलं. ती वीस वर्षांची, पॉलिटेक्निकमध्ये शिकते. म्हटलं, तू परीक्षक हो.

तिने टोस्ट खात खात ऐकलं. मग तिच्या नेहमीच्या सिंगापुरी इंग्रजीत सुरू झाली.

"ओके मा. बट द फर्स्ट लेडी वॉज गुड, राइट? देन व्हाय यू चेंज?"

"रुटीन चेंज."

"रुटीन मीन्स व्हॉट? समवन मस्ट डिसाइड, व्हॉट. हू डिसाइड?"

मी पुढची स्लाइड लावली. तिने हात वर करून थांबवलं.

"मा, दे विल ऑल्सो आस्क लाह. व्हाय यू चेंज हर?"

मी खुर्चीवर बसले. एवढ्या वर्षांत माझ्या पोरीला मी आमची जात सांगितली नव्हती. तिला वाचवते असं मनाशी म्हणत होते. आता ती विचारत होती आणि माझ्याकडे एकच खरं उत्तर होतं, आणि ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. आजोबांच्या पत्रापासून.

सांगितलं. दुपार झाली. ती मध्येच मराठीत बोलायला लागली, मोडक्या, लहानपणीच्या. शेवटी म्हणाली, "म्हणजे शोभा आंटी आपली आहे. आणि तू तिला घालवली."

होय. घालवली.

पोरीने माझ्याजवळ येऊन गळ्यात हात टाकला नाही. खोलीत गेली, दार लावलं. बरं केलं.

परीक्षेला तिघं होते. एक निवृत्त ॲडमिनिस्ट्रेटर बाई, एक डॉक्टर, एक वयस्क तमिळ गृहस्थ. मी स्लाइड लावल्याच नाहीत. उभी राहिले. इंग्रजीत म्हणाले, "रिपोर्टमध्ये नेहमीचा बदल लिहिलंय. ते खोटं आहे. रहिवाशाच्या मुलीला त्या बाईची जात नको होती. मी ते ऐकलं. सांस्कृतिक पसंती असं नाव दिलं. ज्या बाईने पाच महिने त्यांना सुखरूप भरवलं तिला काढलं, आणि माणूस गुदमरल्यावर दोष तिच्यावर टाकला."

डॉक्टर म्हणाले, "जात? इथे?"

तमिळ गृहस्थ कागदाकडे बघत होते. मान वर केली नाही.

बाईंनी विचारलं, "तुम्ही तेव्हाच नकार का दिला नाही?"

"कारण मीही त्याच जातीची आहे," मी म्हणाले, आणि वडिलांचं आडनाव सांगितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. या शहराच्या हवेत ते आडनाव माझ्या आवाजात कधी गेलंच नव्हतं.

निकाल राखून ठेवला. त्याच संध्याकाळी मी सुधारित रिपोर्ट दाखल केला. एक प्रत मालकांना, एक देखरेख करणाऱ्या खात्याला.

तिसऱ्या दिवशी मिस्टर लिम केबिनचं दार लावून म्हणाले, "कोणी विचारलं होतं तुला? आता होम अडचणीत, तू अडचणीत. मागे घे. ताणाखाली लिहिलं म्हण. सहा महिन्यांनी परत परीक्षा दे, पास होशील. त्या बाईची मुदत तशीही संपतेय. तिला काय फरक पडतो?"

मी म्हणाले, "मागे घेणार नाही."

मग मेधाताई आल्या. त्यांना होमकडून कळवलं गेलं होतं. नानांच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या.

"तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

"काय?"

"तेच." शब्द त्यांच्या तोंडून येईना. "मी तुम्हाला बहिणीसारखं मानलं. आणि नानांची ही अवस्था माझ्यामुळे झाली, असं लिहिलंत तुम्ही?"

"तुम्ही मागितलं. मी दिलं. दोन्ही लिहिलंय."

"मी मुलगी आहे हो त्यांची."

"नाना सव्वीस दिवस माझ्या हातचं जेवले, मेधाताई. काही झालं नाही त्यांना. जे झालं ते शोभाला काढल्यामुळे झालं."

त्या रडायला लागल्या. वडिलांवर त्यांचं प्रेम आहे, मला माहीत आहे. नाना आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होते, तोंड थोडं उघडं. मी टिश्यूचा डबा पुढे केला नाही.

शोभाकडे मी सगळ्यात शेवटी गेले. हीसुद्धा माझी लायकी. स्टाफच्या जेवणघरात ती एकटी बसून भात कालवत होती. मी समोर बसले. आमच्याकडच्या बोलीत बोलले, किती वर्षांनी. सगळं सांगितलं. माफ कर म्हणाले.

तिने घास खाली ठेवला.

"माफी राहू द्या, ताई. माफीचं मी काय करू? मला कागद पाहिजे. माय रोज फोनवर विचारायली, काय केलीस गं तू, कशामुळं काढायलेत? दुसरीकडं कामाला जायचं तर तेच विचारतेत. माझं काही चुकलं नव्हतं, असं लिहिलेला कागद. तुमच्या कंपनीचा. शिक्का मारलेला."

"मिळवून देते."

"बघू," ती म्हणाली, आणि जेवायला लागली. तिला माझ्यावर विश्वास नाही. का असावा?

उद्या सकाळी दहाला होममध्ये चौकशी आहे. शोभाला बोलावलंय. मला नाही. मला रजेवर जायला सांगितलंय. तिच्या मुदतीचे अकरा दिवस उरलेत. नोकरी माझी जाईल, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. परवान्यावर माझं नाव लागणार नाही, हेही जवळपास ठरलं. मंडळातल्या दोन बायकांनी फोन उचलणं सोडलंय. पोरगी माझ्याशी मोजकं बोलते. आणि नानांना घशाखाली एक घास उतरवता येणार नाही, मी जगाला ओरडून सांगितलं तरी. यातलं काहीही मी दुरुस्त करू शकत नाही. माझं मन हलकं झालेलं नाही. व्हावं असंही मला वाटत नाही.

पण उद्या मी जाणार आहे. न बोलावता. दार लावलं तर दाराबाहेर उभी राहीन, उघडेपर्यंत. आत गेले की शोभाच्या शेजारी बसेन. बदल मी केला. जात बघून केला. ही दोन वाक्यं त्यांच्या कागदावर माझ्या नावापुढे लिहिली जाईपर्यंत, आणि तिचा कागद शिक्का मारून तिच्या हातात पडेपर्यंत, मी त्या खुर्चीवरून उठणार नाही.